साडेनऊचं विमान

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. लग्नाआधी माझ्या हातून साडेपाच तासांची एक चूक झाली. तुम्ही म्हणाल, चूक काय तासांत मोजतात का? ही मोजता येते. बरोब्बर साडेपाच तास, मिनिटभर इकडं नाही की तिकडं नाही. आणि ती निस्तरता निस्तरता दुसरी केली, ती अक्षरात मोजता येते. एकच अक्षर. पण त्या एका अक्षरापायी सात माणसं अख्खी दुपार मुंबईच्या विमानतळावर सँडविच खात बसली होती.

आमचं गाव औंढ्याजवळ. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. हिंगोलीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. केलं, जोडीला टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या. बी.एस्सी.चा काही उपयोग झाला नाही, टायपिंगचा झाला. त्याच्या जोरावर मुंबईला एका छोट्या विमान कंपनीत लागलो. कंपनीची विमानं तीनच, तीही भाड्यानं जाणारी. आपल्याकडं लग्नाला जीप ठरवतात ना, तशी विमानं ठरवणारी माणसं जगात असतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

माझं काम फ्लाइट प्लॅन भरायचं. विमान परदेशी निघायच्या आधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. विमान कोणतं, निघणार कधी, कोणत्या वाटेनं जाणार, किती उंचीवरून, पोटात तेल किती, माणसं किती. वाटेत जेवढे देश लागतात त्यांच्याकडून आधी परवानग्या काढायच्या. फॉर्मचा सातवा रकाना विमानाच्या ओळखीचा. गाडीला पासिंगचा नंबर असतो, तशी विमानाला पाच अक्षरं असतात. ती तिथं लिहायची. परवानगी ज्या अक्षरांची, तीच अक्षरं फॉर्मवर पाहिजेत. एवढंच काम. पण हे गावात कुणाला समजावून सांगाल?

"तू इमान चालवतो का?" पहिल्यांदा सुट्टीवर गेलो तेव्हा पारावर विचारलं.

"न्हाई."

"मंग तिकिटं फाडतो?"

"न्हाई. मी इमान निघायच्या आधी कागद भरतो."

पारावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे इमानाचा तलाठी."

झालं. त्या दिवसापासून गावात मी तलाठी. आमच्या बाला कुणी विचारलं, पोरगं कुठं असतं, तर तो काही न बोलता कोपरीच्या खिशातून माझ्या ऑफिसचं एक रिकामं पाकीट काढायचा. त्यावर विमानाचं चित्र छापलेलं होतं. समोरच्यानं ते बघितलं की परत खिशात. बा बोलायला फार कमी. शंभर-सव्वाशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याला जड जायचं.

तर दोन हजार दोनच्या हिवाळ्यात नरसी नामदेवचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील पुंजाजी मामा. मंदिराच्या वाटेवर त्यांचं नारळ-बत्ताशाचं दुकान, आणि दुकानातच एस.टी.डी.ची काचेची खोली. ती खोली त्यांची मुलगी सांभाळायची. रेणुका. बारावी झालेली, आणि हिशोबाला एकदम पक्की.

मी आणि बा बघायला गेलो. पोहे आले. पुंजाजी मामांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"नौकरी कशाची म्हणलं पाव्हणं?"

मी सांगितलं. ते ऐकत होते, पण डोळे बारीक करून. मग म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नका. मागल्या वर्षी एक स्थळ आल्तं. पोरगं म्हणे बँकेत हाय. आमी चौकशी केली. बँकेत न्हवतं, बँकेच्या दारात होतं. भज्याचा गाडा. आता भजे काही वाईट न्हाईत, पण तसं सांगायचं ना बाबा."

"बराबर हाय," बा म्हणाला. त्या बैठकीतलं त्याचं हे पहिलं वाक्य.

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या रेणुकानं विचारलं, "विमानाला वरती रस्ता कसा समजतो?"

आता मला सांगा, आयुष्यात पहिल्यांदा एका मुलीनं माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारला होता. मी सुटलोच. आभाळात कसे रस्ते आखलेले असतात, त्यांना नावं कशी असतात, खालून कशी विचारणा होते की तू कोण, कुठला, कुठं चाललास. पोहे गार झाले. मामांच्या घरच्यांनी चहा दोनदा तापवला.

"मग आमच्यावरून जातं का एखादं?" तिनं विचारलं.

"जातं की," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारीच आमचं एक विमान हाँगकाँगला चाललंय. मुंबई, औरंगाबाद, मग इथून वरून नागपूरकडं. त्याचा कागद मीच भरणार आहे."

बानं माझ्याकडं पाहिलं. मेंढरू दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरायच्या बेतात असलं की तो तसं पाहतो.

"दिसंल का?" मामा पुढं सरकले.

"आभाळ मोकळं असलं तर दिसंल."

"कवा?"

"बुधवारी फोन करून वेळ कळवतो."

"कळवा," मामा म्हणाले. "मंग पुढचं बोलू."

परत येताना जीपमध्ये बा एवढंच म्हणाला, "काहून बोलला?" मी म्हणालो, "बा, मी खरंच जाणारं विमान सांगितलंय."  बा खऱ्याखोट्याबद्दल नव्हे, मी मारलेल्या बढाईबद्दल विचारत होता, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

बुधवारी संध्याकाळी मी फॉर्म टाइप केला. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, मुंबईपासून नरसीपर्यंतचं अंतर मोजलं, विमानाच्या वेगानं भागलं. उड्डाणापासून चाळीस मिनिटं. फॉर्मवर उड्डाणाची वेळ होती शून्य आठ पन्नास. म्हणजे नरसीवर शून्य नऊ तीस. एवढ्या खात्रीनं मी आयुष्यात कधी गणित केलं नव्हतं. लगेच दुकानात फोन लावला. तिनंच उचलला.

"हॅलो, मी उत्तम बोलतोय. मुंबईहून."

 मागून मामांचा आवाज, "कोण हाय?"

"विमानवाले," ती त्यांना म्हणाली. मग मला, "बोला."

"उद्या साडेनऊला."

"सकाळी का?"

माझ्या समोर फॉर्म होता. त्याच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं मांडलेले शून्य, नऊ, तीन, शून्य असे आकडे होते. "सकाळीच," मी म्हणालो. "पांढरं आहे, लहान आहे. दोन इंजिनं. मावळतीकडून उगवतीकडं जाईल."

"सांगते सगळ्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

'सगळ्यांना' म्हणजे किती, हे मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं.

गुरुवारी मी दहा वाजता ऑफिसात पोहोचलो. नवा शर्ट घातला होता. कशासाठी, ते विचारू नका. नरसीतून मुंबईतला शर्ट काही दिसणार नव्हता. सव्वादहाला फोन वाजला. पुंजाजी मामा.

"पाव्हणं, ते इमान निघालं का न्हाई तिथून?"

"कोणतं विमान, मामा?"

असं मी विचारलं. त्याची मला अजून लाज वाटते.

मामांनी मग सगळं सांगितलं, आणि त्यांनी गाळलेलं मला नंतर बाकीच्या लोकांकडून कळलं. सकाळी आठपासून त्यांच्या आळीतल्या प्रत्येक गच्चीवर माणसं. शाळेच्या गुरुजींनी चौथीचा वर्ग रांगेनं आणून मंदिरासमोर उभा केला होता, विमान दाखवायला. एका रिटायर कंपाउंडरानं दुर्बीण आणली होती, ती सगळ्यांनी आळीपाळीनं डोळ्याला लावली. आमचा बा गावाकडून चौघांना घेऊन काळी-पिवळी जीपनं आला होता. डोक्याला धुतलेलं पागोटं. मामींनी पातेलंभर चहा केला होता. साडेनऊ वाजले, सगळे गप्प झाले. एक घार आली, तिला चौथीच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. पावणेदहा झाले, दहा झाले. माना आखडल्या. शेवटी खालून कुणीतरी ओरडून म्हणालं, "पंक्चर झालं असंल. वारंगा फाट्याला थांबलं असंल." आणि सगळी आळी हसली.

"हसले हो पाव्हणं," मामा म्हणाले. "माह्या गच्चीवर हुभं राहून हसले."

"मामा, असं कसं होईल? ते विमान तर अजून... त्यात बसणारे लोक जेवून येणार आहेत..."

हे बोलता बोलता माझी नजर भिंतीकडं गेली. आमच्या ऑफिसात दोन घड्याळं होती. एकात सव्वादहा वाजून गेले होते. दुसऱ्यात पावणेपाच.

आता ते दुसरं घड्याळ काय, ते सांगतो. विमान एका देशातून दुसऱ्या देशात जातं, प्रत्येकाची वेळ वेगळी. घोटाळा नको म्हणून सगळ्या जगातल्या विमानवाल्यांनी एकच वेळ धरलेली आहे, इंग्लंडातल्या ग्रीनिचची. फॉर्मवर तीच लिहायची. ती आपल्या साडेपाच तास मागं. आमच्या ऑफिसात दिवसभर त्याच वेळेत बोलणं चालायचं, त्यामुळं मला ती घरच्यासारखी झाली होती. पण नरसीतलं एकही घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर चालत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"मामा, चूक झाली. ते विमान तीन वाजता येणार. दुपारी तीन. फॉर्मवर इंग्लंडची वेळ होती, मी तीच सांगितली."

मामा मग अगदी सावकाश म्हणाले, "नरसीवरचं आभाळ पाह्यला इंग्लंडचं घड्याळ कशाला लागतंय हो?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

"हे घ्या, तुमच्या वडलांसंगं बोला."

बा आजवर फोनवर फारसा बोललेलाच नव्हता. त्यानं फोनची नळी उलटी धरली असावी, कारण आवाज फार लांबून येत होता.

"उत्तम. मला एकच सांग. तू तिथं कामाला हाईस का न्हाई?"

  मी म्हणालो, "हाय, बा."

"बरं," तो म्हणाला. "मंग मी थांबतो."

फोन ठेवला तर मागं साहेब उभे. आमचे साहेब शांत माणूस. मुंबईत वाढलेले, कधी आवाज चढवायचे नाहीत, त्यामुळं त्यांची जास्तच भीती वाटायची.

"उत्तम, आजचं विमान बदललंय. काल ठरलेल्या विमानाच्या चाकात बिघाड आहे, दुसरं पाठवतोय. सगळ्या परवानग्या नव्या अक्षरांनी मागव, आणि प्लॅन नव्यानं भर."

आमची ती दोन विमानं सख्ख्या भावांसारखी होती. दिसायला एक, आकारानं एक. अक्षरंही चार तीच, फक्त शेवटचं वेगळं. एकाचं एम, दुसऱ्याचं एन. विमानवाले अक्षरं शब्दांनी सांगतात, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. एम म्हणजे माइक, एन म्हणजे नोव्हेंबर. बिघडलं होतं नोव्हेंबर. जाणार होतं माइक.

मी कामाला लागलो. परवानग्यांचे सगळे संदेश माइकच्या नावानं पाठवले. एकेक अक्षर बोटानं तपासून. सगळीकडून होकारही आले. मग प्लॅनचा फॉर्म मशीनमध्ये घातला. तेवढ्यात पुन्हा फोन.

"हॅलो, नरसीहून बोलते."

रेणुका. यावेळी मागं कुणाचा आवाज नव्हता.

"बोला," मी म्हणालो. फोन खांद्यात धरला आणि हात टाइपवर चालूच ठेवले. काम थांबवून बोलतो असं तिला वाटायला नको होतं. मी कामाचा माणूस आहे हे दाखवायचं होतं ना.

"एकदा इचारून घेते. तीन म्हंजे आपले तीन, का इंग्लंडचे?"

"आपले."

"पक्के?"

"पक्के."

"बाकी कुणी येत न्हाई आता गच्चीवर. अण्णा, म्हंजे आमचे वडील, म्हणले, झाली तेवढी शोभा बस झाली. मी एकटीच जाणार हाय. मिरच्या वाळत घातल्यात, त्या हलवायला म्हणून."

"एकटीनं बघितलं तरी चालेल," मी म्हणालो.

ती म्हणाली, "ठेवते मग." आणि फोन ठेवल्यावरही मी बराच वेळ ती नळी खांद्यातच धरून बसलो होतो. हात मात्र टाइप करत होते. आठवडाभर ज्या अक्षरांची सवय झाली होती, ती अक्षरं सातव्या रकान्यात आपोआप उमटली. मी ती वाचलीच नाहीत. फॉर्म पाठवून दिला.

दोन वाजता सातही प्रवासी विमानात बसले. सव्वादोनला साहेब माझ्या टेबलाशी आले.

"उत्तम, सातव्या रकान्यात काय लिहिलंस?"

मी प्रत काढली. पाहिली.  "नोव्हेंबर, सर."

"आणि परवानगी कुणाला?"

"माइकला."

"नोव्हेंबर कुठं आहे?"

"दुरुस्तीला, सर."

"चाकं काढून ठेवलीत त्याची," साहेब म्हणाले. "तर तुझ्या कागदाप्रमाणे आज हाँगकाँगला जायचंय ते विमान, ज्याला चाकं नाहीत. आणि चाकं असलेल्याला मनाई आहे. टॉवर विचारतोय, तुमच्याकडचं नक्की कोण निघालंय?"

माणसं उतरवली. कागद पुन्हा. पुढच्या देशांना आता आमच्या अक्षरांवर विश्वास राहिला नव्हता, त्यांनी सगळं नव्यानं विचारलं. साहेब शेजारी बसून माझ्याकडून एकेक अक्षर मोठ्यानं म्हणवून घेत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "सकाळपासून कुणाचे फोन येतायत तुला?"

"लग्नाचं चाललंय, सर."

"मग लवकर उरकून घे," ते म्हणाले. "अजून एक-दोन स्थळं आली तर आपल्याला कंपनी बंद करावी लागेल."

तीन वाजता मी खिडकीतून पाहिलं. माइक समोर उभं होतं, उन्हात, शिडी लावलेलं. शिडीच्या शेवटच्या पायरीवर एक प्रवासी बसून डुलकी काढत होता. आणि तिकडं नरसीला एक मुलगी गच्चीवर मिरच्या हलवत आभाळाकडं बघत असणार. फोन समोर होता. मी हात लावला नाही. काय सांगणार होतो? विमान निघालं दिवेलागणीला. तोवर नरसीच्या आभाळात काही दिसण्यासारखं राहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सुट्टी काढून गावी गेलो. बाला म्हणालो, "नरसीला जाऊन माफी मागून येऊ. स्थळ तर गेलंच, पण त्यांची शोभा झाली." बानं पागोटं बांधलं आणि निघाला. जीपमध्ये मी त्याला खरं सांगायला तोंड उघडलं, "बा, ते तीनचं विमान..."

"गप," बा म्हणाला. "जीपमधी समदे नरसीचे हाईत."

रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. मामा, माझी चूक झाली. मामा, मी तुमचा अपराधी आहे. दुकानासमोर उतरलो, तर मामा नारळ टाकून बाहेर आले आणि माझे दोन्ही हात धरले.

"आलं की हो तुमचं इमान!"

मामांनी हात न सोडताच मला आत ओढलं.

"पोरीनं पाह्यलं. तीनला चार मिनटं वर झाल्ते. पांढरं, बारकं, मावळतीकडून उगवतीकडं, मागं दोन रेघा. मी समद्या आळीला सांगितलं. त्या पंक्चरवाल्याला तर घरी जाऊन सांगितलं."

बा म्हणाला, "आलंच असंल."

दाराशी रेणुका उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. मला एकदम उलगडा झाला. आभाळ काय आमच्या एकट्या कंपनीचं असतं का? दुसरं कुणाचं तरी विमान त्या वेळी वरून गेलं असणार, आणि बिचारीनं ते माझं समजून डोळे भरून पाहिलं असणार. आता तिला खरं सांगून तिचा हिरमोड करायचा? मामांना पुन्हा आळीत खाली बघायला लावायचं? मी ठरवलं, गप्प राहायचं. हे पाप माझ्या एकट्याच्या डोक्यावर. त्याच बैठकीत सुपारी फुटली. उन्हाळ्यात लग्न झालं.

आता पुढचं ऐका. पोरं झाली, मी ऑफिसात बढती घेत घेत नव्या मुलांना शिकवायला लागलो. सातव्या रकान्यावर माझं अर्धा तास भाषण असतं. पण घरी, रेणुका कधी कुणाला कौतुकानं सांगायला लागली की 'ह्यांचं विमान मी गच्चीवरून पाहिलं होतं,' की मला अन्न गोड लागायचं नाही. माझ्या बायकोला मी फसवलंय, असं सारखं वाटायचं. शेवटी सात वर्षांनी, एका रविवारी सकाळी, ती मेथी निवडत होती, तेव्हा मी समोर बसलो आणि मन घट्ट केलं.

"रेणुका, तुला एक सांगायचंय. तू पाहिलंस ते विमान माझं नव्हतं. माझं त्या वेळी मुंबईतच उभं होतं. दुसरं कुणाचं तरी असणार."

तिनं एक काडी बाजूला टाकली. "मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुमचं न्हवतं ते. कुणाचंच न्हवतं. त्या दिवशी आभाळात काही आलंच न्हाई. दोनपासून चारपर्यंत बसले मी उन्हात."

 "मग तीनला चार मिनिटं?"

"बराबर तीन सांगितलं असतं तर अण्णाला संशय आला असता."

"आणि मागं दोन रेघा?"

"दोन इंजिनं तुमीच सांगितली होती की."

तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. म्हणजे तेव्हाच, एकदाच भेटलेल्या माणसासाठी, ही मुलगी आपल्या बापाशी खोटं बोलली. मी म्हणालो, "माझ्यासाठी एवढं केलंस?"

"तुमच्यासाठी काहून करू?" ती म्हणाली. "तुमी तर तीननंतर फोनसुद्धा केला न्हाई. विमान गेलं असतं तर दहा फोन केले असते, एवढं कळत होतं मला. मामंजींसाठी केलं, तुमच्या बासाठी. सकाळपासून ओसरीवर बसून होते, मान खाली घालून. आईनं दोनदा ताट वाढलं, जेवले न्हाईत. मी जिन्यानं खाली आले, त्यांनी माझ्याकडं पाह्यलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आलं म्हणून. मंग जेवले."

 मग मला वेगळीच काळजी लागली. "म्हणजे बा अजून समजतो, की ते विमान..."

"त्यांना त्याच दिवशी म्हाईत झालं. जीपपर्यंत सोडायला गेले ना मी. त्यांनी हळूच इचारलं, पोरी, खरंच दिसलं का? मी म्हणलं, न्हाई. तर हसले. म्हणले, मंग तर लगीन पक्कंच."

मी तसाच उठलो आणि गावी फोन लावला. तोवर बाजवळ मोबाइल आला होता. तो रानात होता, मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"बा, त्या विमानाचं तुला सगळं माहीत होतं?"

"कोणत्या?"

"नरसीच्या. तीनच्या."

"व्हय," बा म्हणाला.

"मग सात वर्षांत मला एकदा तरी सांगायचं."

"तू इचारलंच न्हाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आणि मला वाटलं, एवढं शिकून राहिला, तुला समजलं असंल."

मी फोन ठेवला. रेणुकानं मेथीची चाळणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "धुवून आणा." मी निमूटपणे धुवून आणली.